आमच्या गावचा कलुषा

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ लागला तेव्हा आम्ही होस्टेलची आठ-दहा मुले बेळगावात रात्रीच्या खेळाला गेलो होतो. शेवटी साखळदंडांत जखडलेले राजे आणि त्यांचा कवी एकमेकांना कवितेतून उत्तरे देऊ लागले, तेव्हा थिएटरात मुंगीसुद्धा वाजली असती. माझ्या शेजारचा गोकाकचा मित्र, ज्याला मराठी निम्मेच कळते, तोही डोळे पुसत होता. मी मात्र खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. पडद्यावर ज्या कवी कलशासाठी सगळे रडत होते त्याला मी अगदी जवळून ओळखत होतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या जत्रेत तोच मी केला होता. पण तेव्हा त्याचे नाव कलश नव्हते, कलुषा होते. आणि मी रंगमंचावर पाऊल ठेवले की लोक शिट्ट्या मारीत होते.

आमचा गाव डिचोली तालुक्यात आहे. नाव सांगत नाही. का ते पुढे कळेल. गोव्यात नाटकाशिवाय जत्रा म्हणजे मिठाशिवाय जेवण. मुंबईची कंपनी आली तर ठीक, नाही तर गावची मुले आहेतच. २०२३ साली समितीने संभाजीमहाराजांवरचे एक जुने नाटक काढले. त्याच्या पुस्तकाची पहिली पाने केव्हाच गळून पडली आहेत, त्यामुळे गावात त्याला नुसते ‘संभाजी’ म्हणतात. राजे कोण, येसूबाई कोण, यावर तीन बैठका झाल्या. एकाच भूमिकेवर चर्चा झाली नाही. कोणीतरी म्हणाले, “कलुषा सोदूंक भायर वचपाची गरज ना, तो गांवांतूच आसा.” सगळे हसले, आणि माझे नाव लिहिले गेले.

मीही हसलो. बारावीत होतो, नाटकात काम मिळत होते, आणि मुख्य म्हणजे त्या हसण्यात मला सामील करून घेतले होते. पण ते हसणे माझ्यासाठी नव्हते, माझ्या बाबांसाठी होते.

बाबा मूळचे चंदगड तालुक्यातले. लग्नाआधी नोकरीसाठी गोव्यात उतरले ते तिथेच राहिले. एका खाणीवर वजनकाट्याशी त्यांचे काम असे. खनिजाने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, बाबा वजन लिहायचे, चिठ्ठी फाडायचे, आणि ट्रक धुरळा उडवीत सारमानसच्या जेटीकडे जायचा. तिथून बार्जमधून माल मांडवीने मुरगावला. कोणाच्या ट्रकाला दिवसात किती खेपा मिळाल्या हे बाबांच्या वहीत असे. ज्याने ट्रक पाहिला आहे आणि बँकेचा हप्ता भरला आहे, त्याला त्या वहीचे मोल सांगायला नको. गावात दर दुसऱ्या घरी एक ट्रक होता. आणि वही एका घाटावरच्या माणसाच्या काखेत होती! तो रोज संध्याकाळी ती वही घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये जाई, दार लोटून घेई आणि अर्ध्या तासाने बाहेर येई. आत तो नुसता बेरजा तपासून घेत असे, हे बाहेरच्यांना कसे दिसणार? २००९ च्या जत्रेत हेच ‘संभाजी’ नाटक झाले. राजाच्या कानाशी लागणारा कलुषा लोकांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर बाबांना नाव मिळाले.

पुढे २०१२ साल आले. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबरात संसदेपुढे आला, त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. मी आठ वर्षांचा होतो. मला आठवतात ते रांगेने उभे केलेले ट्रक आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या टायरांतून वर आलेले गवत. सुमारे ३५,००० कोटींच्या नुकसानीचा हिशेब मांडणाऱ्या त्या अहवालाला आमच्या बाबांच्या चिठ्ठ्यांची गरज पडली असेल, असे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटणार नाही. पण गावात कुजबुज सुरू झाली की कागद वर पोचवले ते ह्यानेच. कलुषाशिवाय कोण? नोकरी तर बाबांचीही गेली होती. ते डिचोलीच्या बाजारात एका दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागले. पण नाव गेले नाही. शाळेत मला कोणी माझ्या नावाने चिडवले नाही. “कलुषाचो पूत” एवढेच पुरे होते.

आता तालमीकडे वळतो. आमचे तालीममास्तर पेडण्याकडचे, उमेदीची वर्षे दशावतारात घालवलेले. तुम्हांला ठाऊक असेलच, दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथा ठरते, सोंगे ठरतात, आणि मग रात्रभर नटाने आपल्या जिभेवर तरायचे. मास्तरांना म्हणूनच छापील पुस्तकाचे फारसे कौतुक नव्हते. माझे पाठांतर ऐकून ते म्हणाले, “बोलतोस बरा, पण दिसत नाहीस. कपटी प्रधान राजाच्या तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघतो. आणि भिवया कशाला उडवतोस? असला माणूस साधाच दिसतो. गावात बघ, कोण भेटतो का.” मास्तर परगावचे. त्यांना आमच्या घरची गोष्ट माहीत नव्हती.

मला दूर जावे लागले नाही. बाबा बोलण्याआधी एकदा खाकरतात. पान उलटताना अंगठा जिभेला लावतात. त्यांच्या जुन्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिला दोरा गुंडाळून तो कानाला अडकवलेला असे. मी त्यांचा तो चष्मा मागून घेतला. “नाटकाला पाहिजे,” म्हणालो. कसला, कशाला, त्यांनी विचारले नाही. सतराव्या शतकातल्या दरबाऱ्याच्या नाकावर दोऱ्याचा चष्मा कसा, हे कोणी विचारील अशी मला धास्ती होती. कोणीही विचारले नाही.

नाटकाच्या रात्री मी चष्मा लावून, काखेत एक लांबडी वही धरून आलो, खाकरलो, आणि अंगठा जिभेला लावला. पहिल्या क्षणी मंडपात शांतता होती. मग मागून कोणीतरी ओरडले आणि सारा मंडप फुटला. त्यानंतर मी काहीही केले तरी हशा. राजांच्या कानाशी वाकलो, हशा. “महाराज, हिशेब पाहावा,” असे पुस्तकात नसलेले एक वाक्य मी पदरचे घातले, तेव्हा तर टाळ्या थांबेनात. दुसऱ्या अंकानंतर माइकवरून माझ्या नावे पाचशे रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या गावाने मला आपला म्हटले होते. बाबा तुळशीकडच्या बाजूला, कडेच्या खुर्चीत बसले होते. ते मला दिसत होते. मी पाहिले, आणि तरीही तिसऱ्या अंकात पुन्हा खाकरलो.

पहाटे बाहेर पडताना एक वडीलधारे गृहस्थ पाठ थोपटून म्हणाले, “बरें केलें रे पोरा, बापायचें नांव काडलें.” ते उपरोधाने म्हणाले की मनापासून, हे मला अजून उमगलेले नाही.

सकाळी बाबांनी एवढेच विचारले, “चष्म्याचं काम झालं काय तुझं?” मी चष्मा दिला. त्यांनी धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या आणि तो लावून दुकानात गेले.

त्या जूनमध्ये मी चोर्ला घाट चढून बेळगावला आलो. इतिहास घेतला तो काही पश्चात्तापाने नव्हे, त्या तुकडीत जागा होती म्हणून. पण वर्षभराने ग्रंथालयात वा. सी. बेंद्रे यांचे १९६० साली निघालेले संभाजीचरित्र हाती लागले, मग कमल गोखले यांचे, आणि ज्याचे मी सोंग आणले होते त्याची दुसरी ओळख पटू लागली. त्याचे नाव कलश. उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण, संस्कृत आणि ब्रज जाणणारा. राजांनी त्याला ‘छंदोगामात्य’ म्हटले, ‘कुलएखत्यार’ केले. कविजीचा कबजी झाला आणि कलशाचा कलुषा झाला. देवळाच्या शिखरावर असतो तो कलश. कलुष म्हणजे मळ, पाप. एका उकाराने माणसाचे काय करून टाकले पाहा!

आणि हा माणूस आमच्याच मुलखात वावरलेला निघाला. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ साली संभाजीराजांच्या आश्रयाला आला आणि १६८३ मध्ये डिचोलीला राहत होता. टेकडीवरचे नमाजगाह त्याने बांधले असे आमच्याकडे सांगतात. लहानपणी आम्ही तिथे नुसती कैऱ्या पाडायला जात असू. त्याच साली नोव्हेंबरात पोर्तुगीज विजरई फोंड्यावर चालून आला, राजांनी त्याला परतवले आणि मागोमाग जुवे बेट घेतले. १६८४ च्या आरंभी तहाची बोलणी सुरू झाली, त्यांत मराठ्यांच्या बाजूने बसला तो हाच कलश. एवढ्यात शाहआलमची मोगल फौज घाट उतरून आली आणि तिने डिचोली लुटली, जाळली. वर्षभरात रायगडाच्या पायथ्याशी शहाबुद्दीनखान आला, तेव्हा त्याच्याशी लढणाराही हा कवीच. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी राजे पकडले गेले तेव्हा तो बरोबर होता, बहादूरगडच्या धिंडीत बरोबर होता, आणि ११ मार्चला भीमाकाठी दोघांचाही हाल करून वध झाला. कारस्थानी माणूस शेवटी निसटतो, निदान तसा प्रयत्न तरी करतो. याने केल्याची नोंद मला कुठे सापडली नाही.

मग कलुषा आला कुठून? पुष्कळसा आला तो मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. आणि चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी १६८१ साली, अण्णाजी दत्तोंच्या बरोबरच, देहान्त शिक्षा दिलेली. घरातले दुःख बखरीत उतरले, ही माणसाची रीतच आहे. पण राजाला पुरता वाईट म्हणणे जड जाते. शेवटी तो शिवाजीमहाराजांचा मुलगा. मग राजाच्या शेजारी कोण उभा होता ते शोधायचे. शेजारी उभा होता तो परमुलखातला. त्याचे भाऊबंद इथे नव्हते, वतन इथे नव्हते, त्याच्या बाजूने बखर लिहिणारे कोणी नव्हते. पुढे नाटककारांनी बखरी वाचल्या, आणि आमच्या जत्रेने नाटके केली. काट्यावर उभ्या राहिलेल्या एका चंदगडच्या माणसाला ते नाव अलगद बसले.

हे सगळे मी खोलीतल्या मित्राला सांगितले. तो कित्तूरजवळचा. म्हणाला, तुमचा कलुषा तसा आमचा मल्लप्पशेट्टी. १८२४ च्या राणी चन्नम्मांच्या लढ्यात हा दरबारी इंग्रजांना सामील झाला, अशी त्याची ख्याती. त्यांच्याकडे घरभेद्याला आजही मल्लप्पशेट्टी म्हणतात. पण मित्राचा खरा आवडता दरबारी वेगळाच. त्याने रात्री जागवून मला ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही २०११ ते २०१९ अशी चाललेली इंग्रजी मालिका दाखवली. काल्पनिक राज्ये, ड्रॅगन, बर्फातली प्रेते, आणि त्यांत पीटर बेलिश नावाचा खजिनदार, ज्याला सगळे लिटलफिंगर म्हणून हिणवतात. खडकाळ किनाऱ्यावरची टीचभर जहागीर, पणजोबा परदेशातून आलेला भाडोत्री शिपाई. हा गृहस्थ राजाचा खजिना कर्जात बुडवतो, दोन बलाढ्य घराण्यांना एका खोट्याच्या जोरावर झुंजवतो आणि पडलेल्यांच्या खांद्यांवर पाय देत वर चढतो. शेवटी ज्या मुलीला त्याने डाव शिकवले तीच भर दरबारात एकेक गुन्हा वाचून त्याचा निकाल लावते. मित्र दर वेळी टाळी वाजवी. मलाही तो आवडला, खोटे का बोलू? पण तिसऱ्या रात्री एक गोष्ट खटकली. लिटलफिंगर कपटी आहे हे आम्हांला ठाऊक होते, कारण त्याच्या खोलीत कॅमेरा होता. दार लोटल्यावर तो काय बोलला ते आम्ही ऐकले होते. कलशाच्या लोटलेल्या दाराआड कोण होते? बाबांच्या?

इथे थांबून कलशाला शिखरावर चढवून मोकळे होणे सोपे होते. सिनेमाने ते केलेच. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या ज्या कादंबरीवर तो बेतला आहे तिनेही कवीला सन्मानाने वागवले आहे. पण पुस्तके वाचताना मला एवढे स्वच्छ चित्र दिसले नाही. नव्या, परक्या माणसाच्या हाती इतका अधिकार गेला की जुने सरदार दुखावणार, हे राजांना कळायला हवे होते. कवीला तर जास्तच. १६८८ मध्ये शिर्के कलशावर उठले आणि त्याला पळून विशाळगडावर जावे लागले. राजे त्याच्या मदतीला धावले, शिर्क्यांना हरवले, आणि काही महिन्यांतच संगमेश्वर घडले. शिर्क्यांची बाजू काय होती? त्यांचेही काही गेले असेल. सिनेमात मात्र त्यांच्याकडे फितुरी आली, आणि लागलीच त्या घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना मला पहिल्यांदा कलशाची खरी कीव आली. तीनशे वर्षांत त्याच्यासाठी कोणी वकिलाकडे गेले नव्हते.

त्याआधीची, २०२४ च्या दिवाळीची सुट्टी. मी घरी होतो. धीर करून बाबांना विचारले, “लोक म्हणायचे त्यात काही खरं होतं का हो?” बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. आत काट्याच्या वह्या होत्या. मूळ कंपनीकडे गेल्या. ह्या त्यांनी घरी बसून उतरवून काढलेल्या. ट्रकाचा नंबर, तारीख, वजन, खेपा. अक्षर असे की छापल्यासारखे. त्यांनी अंगठा जिभेला लावून एक पान काढले.

“ह्या ट्रकाला मी तीन महिने आठवड्याला चार खेपा जास्त दिल्या. नवरा वारलेला, बाई ड्रायव्हर ठेवून ट्रक चालवत होती. हप्ता थकला होता.”

“मॅनेजरने सांगितलं?”

“नाही. माझं मीच.”

“मग त्या खेपा आल्या कुठून?”

“कोणाच्या तरी कापूनच. ते पण लिहिलंय.”

त्यांनी बोट ठेवले. तो नंबर मला ओळखीचा होता. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरचा ट्रक. २००९ मध्ये बाबांना पहिल्यांदा कलुषा म्हणाला तो त्याच घरचा माणूस, आणि २०२३ मध्ये माइकवरून जाहीर झालेले पाचशे रुपयेही त्याच घरचे. त्यांचा ट्रक पुढे बँकेने ओढून नेला. त्या चार खेपांमुळेच नेला असे नाही, पण चार खेपा होत्या. मी काही बोललो नाही. त्या बाईला हे माहीत होते का, असे नंतर विचारले. बाबा म्हणाले, “कशाला?” आणि ट्रंक लावून टाकली.

नाटकाबद्दल मी त्या दिवशीही बोललो नाही. बोलायचे ठरवून आलो होतो, वाक्येही जुळवली होती. त्यांनी वह्या दाखवल्यावर ती वाक्ये पुस्तकातली वाटू लागली.

यंदा पावसाळ्यानंतर समितीच्या चिटणिसांचा फोन आला. येत्या जत्रेला नवे ‘संभाजी’ बसवायचे आहे, मास्तर तेच, संहिता नवी. म्हणाले, “आतां कलुषा बरो जालो मरे. आतां आमकां शिर्को जाय. गणोजी तूं कर, तुका जमता.” मी सांगतो म्हणून फोन ठेवला. बाबा ओटीवर पेपर वाचत बसले होते. फोनवरचा आवाज त्यांच्यापर्यंत गेला असणार. पेपर खाली न करता ते खाकरले.

“कर की,” म्हणाले. “पण चष्मा माझा नेऊ नको.”